पिंपाजवळची खुर्ची

प्रयोगशाळेत सगळे त्यांना पापुद्रे काका म्हणत. नवीन लागलेल्या मुली पहिले दोन-चार महिने ते आडनावच समजत आणि रजेच्या यादीतही तसंच लिहीत. खरं आडनाव अगदी साधं होतं. पण मेणाच्या वडीतून केसाहून पातळ पापुद्रे काढण्यात एकतीस वर्षं घातलेल्या माणसाला त्याचं खरं आडनाव कोण विचारतो?

काम सांगायला सोपं. तांदळाच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा मेणात बसवायचा, ती वडी यंत्राला लावायची आणि हाताने चाक फिरवायचं. एका फेऱ्याला एक काप. कापाला काप चिकटत लांबच लांब फीत तयार होते, ती कोमट पाण्यावर अलगद सोडायची आणि काचेच्या पट्टीवर उचलून घ्यायची. करायला बसलं की कळतं, एक शिंक आली तरी सकाळची मेहनत पाण्यात. काका शिंक दाबून धरत. फीत चालू असताना कोणी हाक मारली तर ओ देत नसत. एकदा आगीची घंटा वाजली तेव्हाही हे गृहस्थ शेवटचे अकरा काप घेऊनच बाहेर आले, आणि मॅडमनी त्यांना आवारात सगळ्यांसमोर झाडलं होतं.

मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. काकांपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण बोलण्यात आजीबाई. त्यांचा सगळा जीव एका प्रश्नात अडकलेला होता. आईच्या पोटात वाढणाऱ्या नराला प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ती ग्रंथी, सुरुवातीला नसतेच. एक साधी नळी असते. मग ठरावीक दिवसांत त्या नळीला बारीक कळ्या फुटतात आणि त्यांचीच पुढे ग्रंथी होते. नेमक्या त्या दिवसांत आईच्या अंगात एखादं असं रसायन गेलं, जे शरीरातल्या संप्रेरकाची नक्कल करतं, तर कळ्यांचा हिशेब बिघडू शकतो आणि पुढे कधीतरी ती ग्रंथी आजारी पडू शकते. मॅडम हे उंदरांमध्ये पंधरा वर्षं तपासत होत्या. कळ्या मोजायच्या तर मधला एकही काप गळून चालत नाही. म्हणून त्या म्हणायच्या, "माझं डोकं आणि काकांचे हात. यातलं एक गेलं तरी दुकान बंद."

तर असल्या माणसाने गेल्या वर्षी चालू फीत अर्धी टाकून उठायला सुरुवात केली. आधी दिवसातून एकदा, मग दोनदा. परत येईपर्यंत मेण गार होऊन सुरकुतलेलं असायचं. मॅडमनी तीन दिवस काही म्हटलं नाही. चौथ्या दिवशी त्या डॉक्टरांचं कार्ड घेऊनच आल्या.

"काका, आज किती वेळा उठलात?"

"मोजलं नाही."

"मी मोजलंय. सात."

"चहा जास्त झाला असेल."

"चहा मीही तेवढाच प्यायले. जन्मभर उंदरांचं प्रोस्टेट कापताय, आता स्वतःचं एकदा दाखवून या."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काका कुरकुरत गेले. रक्त दिलं, पुढे ग्रंथीचा तुकडाही काढून तपासला. दोन गोष्टी निघाल्या. एक, ग्रंथी वाढली होती. ती वयाची वाढ, तिच्यावर गोळ्या मिळाल्या. दुसरी, एका कोपऱ्यात कॅन्सर होता. लहान होता आणि सुस्त होता. डॉक्टर म्हणाले, याला आत्ता हात लावायचा नाही, दर सहा महिन्यांनी नजर ठेवायची, वेळेवर आलात.

काका दवाखान्यातून थेट प्रयोगशाळेत गेले आणि मॅडमच्या टेबलापुढे उभे राहिले. आभार मानायचे होते. घशापर्यंत आलेले शब्द तिथेच बसले. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, पाच नंबरच्या आईची पिल्लं उद्या कापायला घेतो." मॅडमनी मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ घातला तो काकांच्या जिभेने.

घरात तीन माणसं. काका, बायको आणि एक्याऐंशी वर्षांची आई, कान आणि डोकं दोन्ही शाबूत. रिपोर्टचं तिला सांगणं भाग होतं. काकांना वाटलं, हसत-खेळत सांगितलं की तिला धसका बसणार नाही. म्हणून जेवताना त्यांनी आपल्याच दुखण्याची थट्टा केली, उंदरांनी सूड उगवला म्हणाले. आई हसली नाही. तिने विचारलं, "त्या उंदरांना तुम्ही घालता तरी काय?"

इतक्या वर्षांत आईने कामाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं. काका खुलले. गाभण उंदरीला पाण्यातून कणभर पूड कशी देतात, ती पूड कुठली, पूर्वी टिनच्या डब्यांना आतून लावायच्या लेपात आणि प्लास्टिकातही ती कशी असायची, कळ्या कुठल्या दिवशी फुटतात, सगळं त्यांनी ताटाच्या कडेला मिठाने नळी काढून समजावलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि माणसात? माणसात कितव्या महिन्यात होतं हे?"

"तिसऱ्यात," काका म्हणाले आणि पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले तर स्वयंपाकघरातलं सगळं प्लास्टिक गायब. मिठाची बरणी, साखरेचा डबा, बादली, गाळणं, झाडाला पाणी घालायची झारीसुद्धा. कोपऱ्यातला टिनचा डबाही गेला होता. साखर पातेल्यात आणि बिस्किटं तांब्यात. कचरा नेणाऱ्याने म्हणे विचारलं, आजी, घर बदलताय का. काका पोट धरून हसले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, म्हणाले. अठ्ठावन्न वर्षं या डब्यांतलं खाल्लं, आता बरण्यांवर राग काढून काय मिळणार?

बायको हसली नाही. तिने त्यांना खोलीत नेलं आणि हळूच म्हणाली, "अहो, दात काढू नका. आईंनी सकाळपासून अन्नाला हात लावलेला नाही. तुमच्याकडे बघतही नाहीत त्या. लक्षात आलंय का तुमच्या?"

आलं नव्हतं. पापुद्र्यातला पापुद्रा दिसणाऱ्या माणसाला समोर बसलेली आई दिसली नव्हती.

ते आईच्या पलंगावर जाऊन बसले. आई भिंतीकडे तोंड करून होती.

"लेका, मी तुला पोटातच विष पाजलं," ती म्हणाली.

"काहीतरी काय बोलतेस?"

"तूच सांगितलंस की. मिठाने काढून दाखवलंस."

काकांना लहानपणापासून एवढंच माहीत होतं, की त्यांच्या जन्माआधी आई डब्यांच्या कारखान्यात झाकणं लावायची. झाकणं, बाकी काही नाही. आता आई भिंतीशी बोलावं तसं बोलत राहिली. झाकणं नंतर. आधी ती पिंपाजवळ बसायची, लेपाच्या पिंपात पांढरी पूड मोजून टाकायला. पूड नाकात जायची, केसांत जायची, भाकरतुकड्याला हात लावला की जेवणात जायची. काकांच्या वेळचे पहिले तीन महिने ती त्याच खुर्चीवर होती.

काकांना स्वतःचं दुखणं आठवलंसुद्धा नाही. तसं काही नसतं गं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यात, हे त्यांनीच सांगितलं होतं. आईला खोटं कळायचं, लहानपणीही कळायचं. आणि खरं काय हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

चार दिवस असेच गेले. आई दोन घास खायची, तेही सून समोर बसली तर. पाचव्या दिवशी काकांनी मॅडमना सगळं सांगितलं. घरातली गोष्ट प्रयोगशाळेत काढली ती एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"उद्या घेऊन या आजींना," मॅडम म्हणाल्या. "माझ्यापाशी बसू देत."

आई आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, चेहरा शिक्षा ऐकायला आल्यासारखा. मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकापुढच्या उंच खुर्चीवर बसवलं, खुर्ची खालीवर करून तिच्या डोळ्यांशी नीट जुळवली. दोन काचा काढल्या. दोन्हींवर नुसते आकडे.

"आजी, हे काप तुमच्या मुलाने काढलेत. इतके सरळ काप काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. या दोन पिल्लांपैकी एकाच्या आईला पूड दिली होती, दुसरीला साधं पाणी. कोणतं कोणाचं, ओळखा बरं."

आईने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. जांभळ्या रंगात एक वर्तुळ, त्याच्या कडेने बारीक फुगवटे. मग दुसरी काच. तसंच वर्तुळ, तसेच फुगवटे.

"मला अडाणी बाईला काय कळणार?"

"मला सुशिक्षित बाईलाही कळत नाही. काका, तुम्हाला?"

काकांनी मान हलवली. त्यांना तर मुद्दामच कधी सांगत नसत, कोणत्या नंबरच्या आईला पूड दिली आणि कोणत्या नाही. ज्याला आधीच कळतं त्याचे डोळे तेच शोधतात, असा प्रयोगशाळेचा नियम होता.

"अशी चाळीस-पन्नास पिल्लं मोजते, तेव्हा कुठे दिसतं, की पूड प्यायलेल्यांच्या घोळक्यात कळ्या थोड्या जास्त आहेत," मॅडम म्हणाल्या. "घोळक्याबद्दल बोलता येतं. एका पिल्लाकडे बघून त्याच्या आईबद्दल बोलता येत नाही. आणि हे उंदीर आहेत, आजी. माणसांचं याहून अवघड असतं. काकांच्या वयाच्या कितीतरी पुरुषांना हे दुखणं होतं, ज्यांच्या आया कधी कारखान्याच्या दारातही गेल्या नव्हत्या. तुमच्यामुळे झालं असं जगात कोणी सांगू शकणार नाही."

"आणि माझ्यामुळे नाही झालं, असं?"

मॅडमनी दुसरी काचही बाजूला ठेवली.

"तसंही नाही सांगता येणार."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग पाच दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

"खोटं बोलली नाहीस ते बरं केलंस, बाई. खोटं बोलली असतीस तर तुझं पहिलंही खरं वाटलं नसतं."

काकांना वाटलं, मिटलं. त्यांनी चहा मागवला. आईने कप हातात घेतला, पण प्यायली नाही.

"माझ्या पोराचं एक वेळ राहू दे," ती म्हणाली. "त्याला तू वेळेत धरलंस, तुझे उपकार आहेत. दुसऱ्याचं काय?"

"कोणत्या दुसऱ्याचं?" काकांनी विचारलं.

मग जे साठ वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते आईने मॅडमना सांगितलं. तिसऱ्या महिन्यात त्या वासाने तिला उलट्या व्हायला लागल्या. कामावर नवीनच लागलेली एक मुलगी होती, सगळ्या तिला हसरी म्हणायच्या. ती म्हणाली, ताई, ती खुर्ची मला द्या, मला वासाचं काही वाटत नाही. तुम्ही खिडकीपाशी झाकणांना बसा. आई आनंदाने उठली. दोन महिन्यांनी हसरीचं पोट दिसायला लागलं, तेव्हा सगळ्यांना कळलं. तिने लपवलं होतं, कारण नवीन बाईला दिवस गेलेत म्हटल्यावर कामावर ठेवत नसत. ती शेवटपर्यंत पिंपाजवळच बसली. तिलाही मुलगाच झाला म्हणे, काकांपेक्षा महिन्याने धाकटा.

"तेव्हा पुडीचं कोणाला ठाऊक नव्हतं. पण वास वाईट आहे हे मला ठाऊक होतं की. तरी मी उठले आणि तिला बसू दिलं. पोट दिसल्यावरही, परत दे म्हटलं नाही. बाळंतपणानंतर मी त्या कारखान्याकडे फिरकले नाही, आणि तिच्याकडेही नाही. घर कुठे आहे ते माहीत आहे मला. बसने चौथ्या थांब्यावर उतरायचं."

साठ वर्षं आणि चार थांबे. काकांना आईचा राग आला नाही. त्यांना फक्त तिच्या म्हाताऱ्या हातातला तो गार झालेला चहा दिसत होता.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "पंधरा वर्षं मी पिल्लं मोजतेय, आजी. कोण कोणाच्या खुर्चीवर बसलं, हे कोणत्याच काचेवर दिसत नाही." मग नेहमीच्या स्वरात, "त्या मुलाचं वय काय? म्हणजे काकांएवढंच. या वयात प्रत्येकाने एकदा तपासून घ्यावं, आईने कुठेही काम केलेलं असो. तेवढंच सांगा. घाबरवू नका."

काकांनी दुसऱ्या दिवसाची रजा टाकली. अर्धी वडी यंत्रावर तशीच ठेवून ते घरी गेले, हेही पहिल्यांदाच.

हसरीचं घर म्हणजे रस्त्यालगतची एक खोली, पुढे टपरीएवढं दुकान, किल्ल्या बनवून मिळतील अशी पाटी. यंत्रापाशी पांढऱ्या केसांचा एक धिप्पाड माणूस किल्ली कापत होता. आईने नाव सांगण्याऐवजी, "खिडकीपाशी झाकणं लावणारी आली म्हणावं," असं सांगितलं. आतून पडदा सरकला आणि एक वाळकुडी म्हातारी भिंत धरत बाहेर आली. तोंडात दात नव्हता, तरी नाव का पडलं असेल ते कळत होतं.

"ताई," ती म्हणाली, "एवढी वर्षं कुठे मेली होतीस गं?"

दोघी आत बाकड्यावर बसल्या. आईने पाणीही न घेता सगळं सांगून टाकलं. पूड, खुर्ची, लेकाचा रिपोर्ट. मध्ये थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं, हे काकांना दिसत होतं. सांगून झाल्यावर हसरी थोडा वेळ हसली नाही. ती पडद्याआडून लेकाच्या पाठीकडे बघत होती.

"मी रोज तुझी आठवण काढायची," शेवटी ती म्हणाली. "वेगळ्या कारणाने. त्या खुर्चीवर बसायला कोणी तयार नसायचं, म्हणून पोट दिसल्यावरही मला काढलं नाही. ती खुर्ची नसती तर माझं काम गेलं असतं, आणि घरी खाणारी सहा तोंडं. मी म्हणायची, ताई उठली म्हणून मी टिकले. कधी भेटली तर पाया पडेन."

"पाया मी पडायला आलेय."

"मग कोणीच पडू नको. आपल्या दोघींचे गुडघे गेलेत."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि हसूही आलं. आपण जन्माला येण्याआधीच आपल्या वाटणीचं कोणीतरी सोसलं होतं, आणि आजवर आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, हे काकांना त्या बाकड्यापाशी उभं राहून कळलं. यावेळी शब्द घशात अडकू द्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं. ते वाकले, हसरीचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "मावशी, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

"मला कुठे माहीत होतं काही," हसरी म्हणाली. "माझ्या याचं काय करायचं ते सांग."

तेवढ्यात पुढच्या दुकानातला खरखराट थांबला. हसरीचा मुलगा किल्ली अर्धी कापून, यंत्र तसंच सोडून उठला आणि घाईने त्यांच्यासमोरून मागच्या दाराने गेला. दुकानापाशी उभं असलेलं गिऱ्हाईक वैतागून घड्याळ बघायला लागलं. काकांनी ती यंत्रावर अडकलेली अर्धी किल्ली पाहिली आणि त्यांना सुरकुतलेलं मेण आठवलं.

तो हात पुसत परत आला तेव्हा काका त्याच्या यंत्रापाशी उभे होते.

"सकाळपासून किती वेळा उठलात?"

तो गोंधळला. मग आईकडे एकदा बघून ओशाळं हसला. "मोजलं नाही. चहा जास्त होतो."

"चहा मीही जास्तच म्हणायचो," काका म्हणाले. त्यांनी खिशातून मॅडमनी दिलेलं ते डॉक्टरांचं कार्ड काढलं. इतके दिवस खिशात राहून त्याचे कोपरे मऊ झाले होते. "दवाखाना एकपर्यंत उघडा असतो. मी बरोबर येतो."

"आत्ता? दुकान सोडून? या साहेबांची किल्ली..."

"ऊठ," आतून काकांची आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता पण मोठा होता. "तुझ्या आईने मला उठवलं होतं. मी ऐकलं होतं. तू पण ऐक."

त्याने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा दोन म्हाताऱ्यांकडे. मग यंत्राचं बटण बंद केलं, गिऱ्हाइकाला तासाभराने या म्हणाला आणि खुंटीवरचा सदरा काढून चढवायला लागला. काकांनी त्याच्यासाठी दार धरून ठेवलं.